तुम्ही विचारलंत म्हणून: ग्रामसभेत मी आडवा का आलो

लग्नात, पानठेल्यावर, बसमध्ये सगळीकडे तोच प्रश्न, "फुकटचे पैसे येऊन राहिले होते, तू काहून आडवा आला?" एकदाच सांगतो. माझा विरोध पैशाला नव्हता, चिठ्ठीला होता. दर महिन्याला पैसे दिले तर घरात काय फरक पडतो, याचा प्रयोग करायला एक संस्था आली होती. त्या संस्थेला गावातली अर्धी घरं चिठ्ठी टाकून निवडायची होती, त्यांना वर्षभर महिन्याला पैसे आणि बाकीच्यांना नुसते प्रश्न.

असे फॉर्म मी आधी भरलेत, यवतमाळकडच्या एका गावात, दुसऱ्या संस्थेसाठी. एका बाईची चिठ्ठी निघाली नाही, तिच्या जावेची निघाली, मधे फक्त कुडाची भिंत. मी ओट्यावर बसून विचारतोय, काल किती वेळा चूल पेटली, उधारी किती, ती पऱ्हाटीच्या काड्या मोडत सगळं सांगतेय आणि शेवटी म्हणते, "हे लिवल्यावर आमाले भेटन का भाऊ?" नाही म्हणालो. "मंग कायले विचारता?"

सहा महिन्यांनी परत गेलो तर म्हणे उधारी नाही, काही नाही, आणि भिंतीपलीकडून जाऊ ओरडून सांगतेय की पोराच्या दवाखान्याला मीच दिले ना माझ्यातले. म्हणजे पैसे भिंत ओलांडून गेलेच होते आणि कागदावर हे 'पैसे न मिळालेलं घर'. मी फॉर्मवर 'घर बंद' लिहिलं आणि निघालो. घर उघडं होतं. चुकलंच माझं.

तुलनेला घरं ठेवल्याशिवाय काही कळत नाही, हे तेव्हा टीममध्ये मीच सगळ्यात जोरात सांगायचो, आणि आजही मला ते खरंच वाटतं. पण मग मध्य प्रदेशात २०११ मध्ये 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेने केलं तसं करा ना, ८ गावांत सरसकट सगळ्यांना, मोठ्यांना महिन्याला २०० रुपये, लहानांना १००, नंतर ३०० आणि १५०, आणि तुलनेला १२ गावं वेगळी. फिनलंडचं मला सांगू नका, तिथे २०१७-१८ मध्ये २,००० बेरोजगारांनाच महिन्याला ५६० युरो दिले, त्यावरून कापूसवाल्याचं काय कळणार? आपल्याकडे बियाण्याच्या थैल्यांना पैसा लागतो जूनमध्ये आणि कापसाचा हातात येतो दिवाळीच्या मागेपुढे. वर्षभराचा प्रयोग म्हणजे एकच पावसाळा. तेवढ्या भरवशावर कोणी सावकाराचं दार सोडत नाही.

उरलेल्यांना पुढच्या वर्षी द्या, असंही एकजण म्हणाला. पण पुढच्या वर्षी येणार हे कळलं की लोक आजच त्यावर उधार उचलतील, मग तुलना कशाशी?

विषय परत निघाला तर मी अख्ख्या गावाची चिठ्ठी मागेन आणि निदान तीन पावसाळे मागेन. ज्या गावाचं नाव निघणार नाही तिथे फॉर्म घेऊन मी जाणार नाही, आणि कोणीतरी तर जायलाच पाहिजे.