चित्र का काढलंस?

मध्यंतरी एका रात्री इन्स्टाग्रामवर माझ्या चित्राचा फोटो टाकला आणि सकाळी काढून टाकला. अकरा लाइक, त्यातले दोन घरचेच. बारा वर्षांनी ब्रश हातात धरला होता आणि रंगवताना ते चित्र मला मनापासून आवडलं होतं. सकाळी तेच भिंतीवर बघवेना.

खरी गोम वेगळीच होती. त्याच रात्री शाळेत माझ्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीने तिच्या प्रदर्शनाचे फोटो टाकले होते. नटनट्यांचे बंगले मी तासन् तास बघते, मला काही होत नाही. हिचं मात्र टोचलं. लिऑन फेस्टिंजर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच मांडलंय, की माणूस स्वतःला ताडून बघतो तो आपल्यासारख्यांशीच. पण तेव्हा सगळा वर्ग रोज रात्री उशाशी येऊन बसत नव्हता!

मग एक खटाटोप केला. एड डीनर आणि सहकाऱ्यांची १९८५ ची एक प्रश्नावली आहे, आयुष्याबद्दलचं समाधान मोजणारी. पाचच विधानं, प्रत्येकाला १ ते ७ गुण. आठवडाभर ती फोन बघण्याआधी आणि नंतर भरली. आधी २४-२५, नंतर २१, एकदा तर १९. फक्त एका रात्री आकडा खाली आला नाही. त्या रात्री मी नुसती बघत नव्हते, एकीशी तासभर गप्पा मारत होते. (शास्त्रीय प्रयोग नव्हे, हट्टी बाईचा हिशेब.)

इथन क्रॉस यांच्या २०१३ च्या अभ्यासात ८२ जणांना दोन आठवडे दिवसातून पाचदा ‘कसं वाटतंय’ असं विचारलं होतं. फेसबुक जास्त वापरलं की पुढच्या वेळी मन जास्त खट्टू. उलट २०१९ मध्ये ओर्बेन आणि प्शिबिल्स्की या संशोधकांना किशोरवयीनांच्या स्वास्थ्यातल्या फरकाचा फार तर ०.४ टक्के भाग स्क्रीनच्या वापराशी जोडता आला. असेल. सरासरीला कुठे बाकावरची मैत्रीण असते?

काल तिचाच मेसेज आला : ‘चित्र का काढलंस?’

मी तासभर धुमसत होते. एवढं वाईट होतं? मग ट्यूब पेटली. ‘का रंगवलंस’ नव्हे, ‘का हटवलंस’ असं विचारत होती ती.

उत्तर अजून दिलेलं नाही.