खुळखुळ

दुपारी पावणेतीनला बेल वाजली. ही वेळ माझ्या मते कायद्यानेच झोपेची ठरवायला हवी. दार उघडलं तर वरच्या मजल्यावरची मुलगी. इयत्ता तिसरी. हातात एक कार्ड, आणि कार्डाला दोऱ्याने बांधलेलं पेन. पेन बांधून आणलंय म्हटल्यावर 'आत्ता पेन सापडत नाही गं' ही माझी नेहमीची पळवाट बंद झाली.

"काकू, मी शुक्रवारी मैदानाला फेऱ्या मारणार आहे. तुम्ही फेरीमागे किती देणार?"

तिची शाळा सिस्टर लोकांची, म्हणजे ख्रिस्ती जोगिणींची. राखेचा बुधवार होऊन आठवडा झालाय, त्या दिवसापासून ईस्टरपर्यंतचा ख्रिस्ती उपवासकाळ सुरू आहे, म्हणजे पैसे गोळा करायचे दिवस. कुठेतरी विहीर खणायची आहे, असं कार्डावर लिहिलेलं होतं. खाली चार रकाने: नाव, फेरीमागे, एकूण, सही.

"किती फेऱ्या मारणारेस?"

"जमतील तेवढ्या."

"आणि नाहीच जमल्या तर?"

"मग तुम्ही नाही द्यायचे," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर या अशक्य गोष्टीबद्दल जरासुद्धा काळजी नव्हती. म्हणजे कुठल्यातरी अनोळखी गावाचं पाणी या मुलीच्या पोटऱ्यांवर अवलंबून.

मी काय केलं, तर आधी वरच्या तिघांनी काय लिहिलंय ते बघितलं. सगळेच बघतात. सर्वांत मोठा आकडा सोडायचा, सर्वांत लहान सोडायचा आणि मधला धरायचा, ही माझी जुनी रीत आहे. मग सही केली. ती उड्या मारत जिना उतरली. सराव असेल.

झोप अर्थातच गेली. पडल्या पडल्या वाटत राहिलं, की धावायचंच कशाला? पैसे मी देणार, विहीर तिकडे होणार, मधे या मुलीला घाम का? पण शाळांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे, की नुसते पैसे मागितले तर मोठी माणसं प्रश्न विचारतात, आणि मूल काहीतरी निरुपयोगी कष्ट करणार असेल तर मुकाट्याने देतात. जर्मनीत जानेवारीच्या सुरुवातीला मुलं बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांचे मुकुट घालून दारोदार गाणं म्हणत पैसे जमवतात. १९५९ पासून त्या जमवाजमवीला देशभराचं रीतसर रूप आलं. जाताना ती दारावर खडूने वर्षाचा आकडा आणि त्याच्या मधोमध 'सी, एम, बी' अशी अक्षरं लिहून जातात. लोक म्हणतात ती तीन राजांची आद्याक्षरं, चर्चवाले म्हणतात 'ख्रिस्त या घराला आशीर्वाद देवो' या लॅटिन वाक्याची. काहीही असो, निदान गाणं तरी मिळतं. शिवाय कोणी दिले नाहीत ते शेजाऱ्यांना बिनखडूच्या दारावरून कळतं. हा भाग मला विशेष आवडतो.

आमच्या शाळेत एकदा मौनाची मोहीम निघाली होती. जितके तास गप्प बसाल तितके पैसे. ही कल्पना कोणाच्या डोक्यातून आली ते कधी कळलं नाही, पण त्या आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत वातावरण फार प्रसन्न होतं. वडिलांनी माझ्या कार्डावर तासाला म्हणून एक आकडा घातला. आईने तो वाचला आणि म्हणाली, "दिवसभराचं करा. निम्मे मी घालते." मी चाळीस मिनिटं टिकले. शेजारणीने खुणेने खोडरबर मागितलं आणि मी मोठ्याने "नाहीये" म्हणाले. खोडरबर होतं. म्हणजे एका वाक्यात मौनही मोडलं आणि खोटंही बोलले, तेही उपवासकाळात.

पण माझा खरा जीव जडला तो खोक्यावर.

राखेच्या बुधवारी, कपाळावरची राख पुसायची नाही असं बजावलेलं असताना ती पुसत पुसत, आम्ही रांगेत ते खोकं घ्यायचो. ते मिळायचं सपाट. घड्यांवर दुमडून, जीभ खाचेत सरकवून ते स्वतः उभं करायचं. वर नाणं जाईल एवढी फट, एका बाजूला चाळीस चौकोनांचं कॅलेंडर, समोर एका मुलीचा फोटो. चौकोन चाळीस आणि ईस्टरपर्यंतचे दिवस सेहेचाळीस, हा घोळ मी पहिल्याच वर्षी शोधून काढला आणि मोठ्या विजयाने सिस्टरना दाखवला. त्या म्हणाल्या, रविवार धरत नाहीत. तेव्हापासून रविवार हा माझ्या लेखी दानातून सुटीचा वार आहे, आणि हा नियम मी आजतागायत पाळते.

असली खोकी जगभर आहेत. आयर्लंडमध्ये तिथल्या बिशपांनी १९७३ साली ट्रोकरा नावाची संस्था काढली. तिचं पुठ्ठ्याचं खोकं उपवासकाळात तिथल्या घराघरांत दिसतं. अमेरिकेत १९७५ साली पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनला खोक्याऐवजी पुठ्ठ्याचा वाडगा निघाला. भाताचा वाडगा, म्हणजे एक साधं जेवण जेवायचं आणि वाचलेले पैसे त्यात टाकायचे. त्याचा हिशेब मला फार पटतो. जमल्यातले तीन वाटे दूरदेशी जातात, एक वाटा आपल्याच भागातल्या गरजूंसाठी मागे राहतो.

हा हिशेब तेव्हा माहीत असता तर आईची बाजू सावरता आली असती.

झालं असं, की आमचं खोकं पुस्तकांच्या फळीवर, दाराजवळ असायचं. आणि घरात सुट्ट्या पैशांची कायमची चणचण. बस समोरून निघतेय, पेपरवाला दारात उभा आहे, आणि आईच्या पर्समध्ये फक्त मोठ्या नोटा. मग आई खोकं उलटं करायची, केसांतली पिन फटीत घालून दोनचार नाणी काढायची. पण आई प्रामाणिक. दर वेळी एक चिठ्ठी लिहून, बारीक घडी घालून त्याच फटीतून आत सोडायची. मला यातलं काही माहीत नव्हतं. खोकं हलवलं की आवाज जरा मऊ येतो एवढं जाणवायचं. मला वाटायचं, नोटा आहेत.

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात खोकी परत करायची. सिस्टर टेबलाशी बसायच्या, एकेकाचं खोकं उलटं धरून लाकडी पट्टी तळात खुपसायच्या आणि चर्रकन फाडायच्या. नाणी ताटलीत. माझं फाडलं तेव्हा ताटलीत आधी चिठ्ठ्याच पडल्या. तीन. सिस्टरनी शांतपणे एकेक उघडून वाचली. मला उलटं दिसत होतं तरी अक्षर ओळखू आलं. 'बससाठी घेतले. सोमवारी ठेवते.' 'पेपर. सोमवारी नक्की.' तिसरीवर नुसतंच 'पुन्हा बस.'

मागची रांग माना लांब करून बघत होती. माझे कान पेटले होते. सिस्टर हसल्या नाहीत, रागावल्या नाहीत. नाणी मोजली, वहीत आकडा लिहिला, चिठ्ठ्या एका पाकिटात घातल्या आणि पाकीट माझ्या हातात दिलं.

"आईला सांग," त्या म्हणाल्या, "सोमवार होऊन गेला."

आईने त्याच संध्याकाळी सगळे पैसे मोजून, वर थोडे घालून पाठवले. आणि पुढच्या वर्षापासून चिठ्ठ्या ठेवणं बंद केलं. उसने घेणं नाही, चिठ्ठ्या ठेवणं.

तेव्हापासून कुठलीही दानपेटी दिसली की मला ती हलवून बघावीशी वाटते. बसवलेली असेल तर बोटाने टकटक करते. नवऱ्याला याची लाज वाटते. पण आवाजावरून पेटीचं पुष्कळ कळतं. रिकाम्या पेटीत एकच नाणं फार बडबड करतं. अर्धी भरली की खुळखुळ ऐटबाज होते, आणि पूर्ण भरली की एकदम गप्प. आमच्या वर्गात कोणाचं खोकं कसं वाजतं हे सगळ्यांना माहीत होतं. शिवाय भिंतीवर मोठा कागदी थर्मामीटर. दर शुक्रवारी सिस्टर त्यात लाल रंग वर चढवायच्या, आणि शेजारच्या वर्गाचा आपल्यापेक्षा वर गेला की आम्हाला खरोखरचा ताप यायचा. त्याच भिंतीवर, थर्मामीटरच्या वरच्या अंगाला, बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानातलं ते सुप्रसिद्ध वचन: उजवा हात काय देतो ते डाव्या हाताला कळू नये. डाव्याला नको, पण दुसरीच्या 'ब' वर्गाला कळायलाच हवं, असा आमचा अर्थ.

आणि खरं सांगायचं तर शुभवर्तमानातच थोडी गंमत आहे. ज्यांनी डाव्या हाताचं सांगितलं तेच येशू मार्कच्या बाराव्या अध्यायात मंदिरातल्या भांडाराच्या समोर बसून कोण कसे पैसे टाकतंय ते बघताहेत. श्रीमंत पुष्कळ टाकतात, गरीब विधवा दोन चिल्लर नाणी टाकते. मग ते शिष्यांना बोलावून सांगतात, की हिनेच सर्वांत जास्त टाकलं. यरुशलेमच्या त्या मंदिरात कर्ण्याच्या आकाराच्या तेरा पेट्या होत्या असं मिश्ना या यहुदी ग्रंथात आहे. कर्ण्यात पडणारं नाणं वाजत असणारच. दोन हलकी नाणी कशी वाजली असतील, हे मी धर्मशिक्षणाच्या तासाला बराच वेळ तोंडाने करून बघत होते, आणि त्यासाठी उभी राहिले.

आता तो आवाजही चालला. वरच्या मजल्यावरच्या मुलीच्या कार्डामागे काळ्या चौकोनांचा कोड छापलेला आहे, फोन धरला की पैसे पोचतात. डाव्या हाताचा प्रश्न त्यामुळे कायमचा सुटलाय, कारण डाव्या हातात फोन असतो.

मुलांनी मुलांसाठी पैसे जमवायचे, ही कल्पना मात्र जुनी. फ्रान्समधल्या नान्सीचे बिशप शार्ल द फोर्बँ-जान्सों यांनी ती १८४३ साली मांडली. चीनमध्ये टाकून दिलेल्या अर्भकांसाठी मुलांनी रोज एकदा 'नमो मरिया' ही प्रार्थना म्हणायची आणि महिन्याला एक सू द्यायचा. सू म्हणजे अगदी किरकोळ नाणं. त्यांनी आधी लिऑंच्या पोलीन झारिको या बाईंचा सल्ला घेतला होता. या बाईंनी दहादहा जणांचे गट करून, प्रत्येकाकडून आठवड्याला एक सू, अशी घडी कधीच बसवलेली होती. बिशपांनी हिशेब बाईला विचारून केला, म्हणूनच तो टिकला असणार.

पण ही गोष्ट पुढे वाचत गेलं की मधेच घास अडकतो. अमेरिकेतल्या कॅथोलिक शाळांत ठरावीक रक्कम जमली की वर्गाला त्या दूरच्या बाळाचं नाव ठेवता यायचं. बाळाला आईने काही नाव ठेवलं असेल, हे कोणाच्या मनात आलं होतं की नाही कोण जाणे. जर्मनीत चर्चमधून पेट्या असायच्या, वर हात जोडून बसलेला काळ्या मुलाचा पुतळा, आणि फटीत नाणं पडलं की पुतळ्याची मान हलायची. धन्यवाद म्हणून. आता त्या संग्रहालयांत ठेवल्या आहेत. मला खात्री आहे, मी त्या काळी तिथे असते तर मान हलताना बघायला म्हणून सगळी नाणी एकाच दिवशी संपवली असती.

आमच्या खोक्यावरच्या मुलीची मान हलत नव्हती. ती नुसती बघायची. कमरेवर घागर, एक डोळा उन्हाने मिटलेला. मी रोज संध्याकाळी तिच्या डोक्यात, म्हणजे फटीत, नाणं टाकायचे आणि कधी नाणं नसलं की खोकं भिंतीकडे तोंड करून ठेवायचे. चाळीस दिवस आमच्याच घरात होती ती. आई पिन घेऊन यायची तेव्हाही समोर तीच. फोटो काढणाऱ्याने तिला विचारलं होतं का, आणि काय सांगून विचारलं होतं? विहीर झाली का? आता ती असेल माझ्याच वयाची, दुपारी पावणेतीनला तिचीही बेल कोणीतरी वाजवत असेल.

नाव होतं तिचं. छापलेलं होतं, खोक्याच्या तळाला, बारीक अक्षरांत. सिस्टर पट्टी नेमकी तिथेच घालायच्या.