४४, १५५ आणि पुराव्याचा प्रश्न

सर्वोच्च न्यायालयाने १५ जून २०१५ रोजी वैद्यकीय प्रवेशाची एआयपीएमटी ही परीक्षा रद्द केली, तेव्हा गैरमार्गाचा लाभ घेतलेले ४४ परीक्षार्थी पोलिसांना सापडले होते आणि त्यांच्यापायी सहा लाखांहून अधिक मुलांना पुन्हा परीक्षेला बसावे लागले. वैद्यकीय प्रवेशाच्याच नीट-यूजी २०२४ या परीक्षेत हजारीबाग आणि पाटणा येथील फुटलेल्या प्रश्नपत्रिकेचा लाभ झालेले सुमारे १५५ परीक्षार्थी असल्याचे सीबीआयने सांगितले. तरीही २३ जुलै २०२४ रोजी त्याच न्यायालयाने फेरपरीक्षेची मागणी फेटाळली. आमच्या घरातून त्या वर्षी भाची परीक्षेला बसली होती, त्यामुळे हा उलटा हिशेब मला सुरुवातीला मुळीच पटला नव्हता.

दोन्ही निकाल सावकाश वाचल्यावर लक्षात आले की आकडा निर्णायक नव्हताच. दोषी आणि निर्दोष वेगळे काढता येतात का, आणि पेपरफुटी संपूर्ण परीक्षेला व्यापून राहिली आहे का, हे खरे प्रश्न होते. २०१५ मध्ये उत्तरे कपड्यांत दडवलेल्या यंत्रांमधून वेगवेगळ्या राज्यांतील केंद्रांवर पोहोचवली गेली होती, त्यामुळे ४४ नावांच्या पलीकडे आणखी किती जण आहेत हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नव्हते. २०२४ मध्ये मात्र ५ मे रोजी सकाळी हजारीबागच्या केंद्रात प्रश्नपत्रिकांची पेटी उघडून काढलेल्या छायाचित्रांचा माग लागला होता, आणि न्यायालयाने प्रसिद्ध करायला लावलेल्या शहरनिहाय व केंद्रनिहाय गुणांतून देशभर पसरलेल्या फुटीचे चित्र उभे राहिले नाही. तेवीस लाखांहून अधिक मुलांना पुन्हा बसवण्याचा भार न्यायालयाने या पार्श्वभूमीवर तोलला.

हा तर्क मला आता मान्य आहे. अस्वस्थ करते ती पुराव्याची बाजू. फूट व्यापक आहे हे याचिकाकर्त्यांनी दाखवायचे, पण गुणांची आकडेवारी, पेट्यांच्या वाहतुकीच्या नोंदी आणि केंद्रांवरील चित्रीकरण हे सारे परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेच्या ताब्यात, आणि तपासाचा अहवाल सीलबंद लिफाफ्यात. अठरा वर्षांच्या मुलाने न्यायालयापुढे ठेवायचे तरी काय? समाजमाध्यमांवर फिरणारी छायाचित्रे? त्यातली काही तर बनावट निघाली, आणि त्यामुळे खऱ्या तक्रारींचेही वजन कमी झाले. २१ जून २०२४ पासून लागू झालेला सार्वजनिक परीक्षा कायदा संघटित गुन्ह्यासाठी पाच ते दहा वर्षे कारावास आणि किमान एक कोटी रुपये दंड सांगतो. परीक्षार्थ्याच्या हाती पुरावा कसा यावा, याला मात्र तो हात लावत नाही.

म्हणूनच त्याच सुनावणीतील एक लहानसा वाद मला फार बोलका वाटतो. अणूंच्या स्थैर्याविषयीच्या एका प्रश्नाची दोन उत्तरे बरोबर धरली गेली होती, त्यातले एक एनसीईआरटीच्या जुन्या पुस्तकाच्या आधारे. न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांना विचारले, त्यांनी दुसऱ्या दिवशी एकच उत्तर बरोबर ठरवले आणि चार लाखांहून अधिक मुलांचे गुण बदलले. पैकीच्या पैकी गुण मिळवणारे, जे मूळ निकालात ६७ होते, सुधारित निकालात १७ उरले. या मुद्द्यावर याचिकाकर्त्यांना कोणाच्याही सीलबंद लिफाफ्यावर विसंबावे लागले नव्हते; पुरावा पाठ्यपुस्तकात छापलेला होता.