हिरवं झालं म्हणजे बिघडलं असं नाही

एयू-२५ म्हणजे सोन्याच्या २५ अणूंचा पुंजका (क्लस्टर). फिनाइलइथेनथायोल या गंधकयुक्त रेणूच्या (थायोलच्या) कवचातल्या एयू-२५ चं नारिंगी-तपकिरी द्रावण हवेत राहिलं की हळूहळू हिरवट होतं. टाकून देण्याआधी एक हिशेब करा.

सोन्याचे २५ अणू, प्रत्येकाचा एक मोकळा इलेक्ट्रॉन. १८ थायोलेटांनी (सोन्याला बांधलेल्या थायोलांनी) त्यातले १८ अडकवले, उरले ७. क्लस्टरवर ऋण भार असेल तर ८, म्हणजे इलेक्ट्रॉनांचं भरलेलं कवच. हवेतल्या ऑक्सिजनने एक ओढला की पुन्हा ७. हिरवा रंग त्याचाच. सांगाडा जागेवरच असतो आणि इलेक्ट्रॉन परत देणारं सोडियम बोरोहायड्राइड चिमूटभर घातलं की तपकिरी रंग परततो.

२००८ मध्ये स्फटिकरचना हाती आली तेव्हा हा सांगाडा दिसला: मधोमध एक अणू, भोवती विंशतिफलकाच्या टोकांवर १२, हा गाभा. उरलेले १२ सहा 'स्टेपलां'मध्ये. प्रत्येक स्टेपल म्हणजे गंधक-सोनं-गंधक-सोनं-गंधक, दोन्ही टोकं गाभ्यात रुतलेली. थायोल सोन्यावर नुसतं चिकटतं हे जुनं चित्र इथे सोडावंच लागतं.

बनवताना १ मिलिमोल क्लोरोऑरिक आम्ल (ट्रायहायड्रेट, ३९४ मिलिग्रॅम), मोलच्या हिशेबात सोन्याच्या १.२ पट टेट्राऑक्टिलअमोनियम ब्रोमाइड, द्रावक म्हणून टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान). मग ५ पट थायोल, आणि रंग उडेपर्यंत ढवळणं. १० पट बोरोहायड्राइड बर्फाच्या पाण्यात आयत्या वेळी विरघळवून एकदम ओता. कोमट पाण्यात ते ओतण्याआधीच हायड्रोजन सोडून वाया जातं. सुरुवातीला सगळ्या मापांची खिचडी असते. जादा थायोल कमकुवत क्लस्टर हळूहळू कुरतडतं, म्हणून एक-दोन दिवस ढवळत ठेवा. घाई इथेच नडते. शेवटी मिथेनॉलने नीट धुऊन ॲसिटोनायट्राइलमध्ये काढा.

प्रकाश-शोषणाच्या वर्णपटात ६७० आणि ४५० नॅनोमीटरची शिखरं हवीत. ऑक्सिडीकरणात ४५० चं बसतं, ४०० चं उठतं, ८०० जवळचा खांदा जातो. ५२० ला रुंद उंचवटा आला तर मात्र मोठे कण झालेत, ते परतत नाहीत. माल्डीत (लेसरने रेणू उडवून त्यांचं वस्तुमान मोजण्याच्या तंत्रात) ७३९४ हे मूळ वस्तुमान. ६०५७ दिसलं तर आधी लेसर कमी करा: सोन्याचे चार अणू आणि चार थायोलेट तिथेच तुटलेले असतात.

लिगंड, म्हणजे कवचातले थायोल, बदलताना मात्र जपून. टर्शरी-ब्युटिलबेंझिनथायोल जादा घालून ८० अंशांना तापवलं तर एयू-२५ चं एयू-२८ होतं, एयू-३८ चं एयू-३६. कवच बदलायला जावं, तर गाभाच बदलून बसतो.