आज पुन्हा 'बॉयहूड' पाहिला

रिचर्ड लिंकलेटरने हा सिनेमा २००२ ते २०१३ या काळात थोडा थोडा करत चित्रित केला, तेच कलाकार घेऊन. त्यामुळे त्यातला मुलगा, मेसन, आपल्या डोळ्यांदेखत वाढतो. आवाज बदलतो, चेहरा लांबतो, अंग चोरून उभं राहणं येतं. (पंचविशीतल्या नटांना दप्तर देऊन हे कधीच जमत नाही.)

आणि त्याचं पहिलं प्रेम! मोडतं तेव्हा कुणी खलनायक नसतो. दोघं चिडून बोलतात, एवढंच. त्या वयात नेमकं असंच तर होतं. दुखतं खूप आणि सांगता काहीच येत नाही. मोठी माणसं त्याला 'पोरकटपणा' म्हणतात, याचा मला आजही राग येतो. असे सिनेमे त्या दुःखाला हसत नाहीत, म्हणून ते मला फार जवळचे वाटतात.