९–७ वरून सुटणारे गेम : टेबल टेनिसच्या वहीतले बारा आठवडे

माझा बॅकहँड आता सामन्यातही टिकतो, पण ११ पॉइंटांच्या गेममध्ये ८–८ पर्यंतच. त्यामुळे गेले बारा आठवडे स्ट्रोकवर नवीन काही केलं नाही. फक्त गेमच्या शेवटच्या तीन-चार पॉइंटांवर काम केलं.

सुरुवात वहीने केली. सामना संपला की, दोघांपैकी कुणीही ८ गाठल्यापासूनचे पॉइंट आठवून लिहायचे: सर्व्हिस कुणाची, मी काय खेळलो, पॉइंट कसा संपला. मागे पडलो की मी कच खातो, अशी माझी इतकी वर्षं समजूत होती. वहीत उलटंच निघालं. पहिल्या तीन आठवड्यांत हरलेल्या १४ गेमपैकी ८ गेममध्ये ९ वर आधी मीच पोचलो होतो.

पुढे असलो की ‘आता चूक नको’ हा एकच विचार डोक्यात बसतो. एरवी आखूड (नेटजवळ पडणाऱ्या) सर्व्हिसवर फ्लिक, म्हणजे मनगटाच्या झटक्याने हल्ला, करणारा मी पुश करू लागतो, म्हणजे बॉल नुसता ढकलून परत देतो, आणि पुशही लांब, मऊ. समोरच्याला लूपसाठी, म्हणजे जोरदार फिरकीच्या फटक्यासाठी, आयता बॉल. पॉइंट त्याने मारून घेतलेला असतो, म्हणून ‘तो भारी खेळला’ असं म्हणून मी मोकळा व्हायचो. चूक माझी होती, दोन फटके आधीची.

दुसरी गोष्ट हाताची. ताण आला की पकड आवळते, मनगट अडकतं, आणि माझी आखूड सर्व्हिस टेबलाच्या शेवटच्या रेषेबाहेर निघते. ‘शांत हो’ असं स्वतःला कितीही बजावलं तरी हात ऐकत नाही. उपयोग झाला तो लांब उच्छ्वासाचा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, ते खरोखर जाणवतं. सोबत बॅट क्षणभर डाव्या हातात घ्यायची आणि उजव्याची बोटं उघडायची. पुन्हा धरताना पकड आपोआप सैल येते.

आता प्रत्येक पॉइंटनंतरचा क्रम ठरलाय: टेबलाकडे पाठ, एक लांब उच्छ्वास, बोटं मोकळी, मग एकच निर्णय. सर्व्हिस माझी असेल तर कुठली टाकणार आणि तिसरा बॉल (सर्व्हिस परत आल्यावरचा माझा फटका) कुठे मारणार. रिसीव्ह असेल तर ‘आखूड आली तर फ्लिक, लांब आली तर लूप’. निर्णय ‘काय करायचं’ असाच हवा. ‘नेटमध्ये घालायचा नाही’ असं ठरवलं की बॉल हमखास नेट शोधतो.

टॉवेलच्या नियमाचा इतका फायदा आहे हे मला उशिरा कळलं. एकूण दर ६ पॉइंटांनंतर टॉवेल घेता येतो. म्हणजे ९–९ असो की १०–८, एकूण १८ झाले की हक्काची उसंत मिळते. शिवाय त्या क्षणी सर्व्हिस जाते गेमच्या सुरुवातीला रिसीव्ह करणाऱ्याकडे. तो मी असलो तर एक सर्व्हिस तोवर न वापरता जपून ठेवतो. टाइम-आउट सामन्यात एकदाच, जास्तीत जास्त एका मिनिटाचा. तो मी आता पिछाडीवर नाही, आघाडी निसटू लागली की घेतो.

सरावातला मोठा बदल म्हणजे गेम ०–० पासून सुरू करणं जवळजवळ बंद. जोडीदाराबरोबर ९–७ पासून खेळतो, मी पुढे. हरलो की वहीत फुली. पहिले चार आठवडे पान फुल्यांनीच भरलं, आणि त्या काळात हे सोडून द्यावं असं दोनदा वाटलं. पाचव्या आठवड्यात फुल्या विरळ झाल्या. मला वाटतं, ९–७ हा आकडा रोज बघून ओळखीचा झाला, तिथे पोचल्यावर काही विशेष घडतंय असं वाटेनासं झालं.

शेवटच्या चार आठवड्यांत आधी ९ गाठलेल्या १० गेमपैकी ७ जिंकले. परवाचा सामना मात्र पाचव्या गेममध्ये १०–१२ असा गेला. त्या गेममध्ये १०–९ ला मी फ्लिक मारला, बॉल नेटला लागून बाहेर पडला. वहीत त्या पॉइंटपुढे बरोबरची खूण केली आहे. पुढचा महिना ड्यूसचा: १०–१० पासून सर्व्हिस दर पॉइंटला बदलते, आणि माझा क्रम तिथे अजून घाईत उरकला जातो.