तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी खाली बसवली की शॉकअप जातात का?

"दादा, लोअरिंग स्प्रिंग टाकतोय, शॉकअप कंपनीचेच ठेवले तर चालतील ना?" गाडीची उंची कमी करायला टाकतात त्या आखूड स्प्रिंगबद्दलचा हा मेसेज मला सतत येतो आणि सोबत बहुतेक वेळा एक फोटो असतो, पुढच्या चाकाच्या वर फेंडरमधल्या फटीत चार बोटं घालून काढलेला. ती फट डोळ्यात खुपते हे मला मान्य आहे, मलाही खुपते, आपल्याकडे गाड्या उंच ठेवूनच विकतात त्यामुळे चांगली दिसणारी गाडीपण उभी असताना टाचा उंच केल्यासारखी वाटते. तर उत्तर असं की चालतील, पण किती दिवस चालतील आणि तोवर तुमची पाठ काय म्हणेल हे सगळं एकाच गोष्टीवर ठरतं, ती म्हणजे शॉकअपमध्ये वर जायला जागा किती उरलीय. स्प्रिंग कडक आहे का मऊ हे सगळे विचारतात, जागा किती उरली हे कोणीच विचारत नाही.

आधी काम कोणाचं काय ते बघू. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते, खड्ड्याचा धक्कापण तीच पोटात घेते. पण घेतलेलं ती परत देते, झोपाळ्याला एकदा ढकललं की तो हलतच राहतो तसं. ते हलणं थांबवायचं काम शॉकअपचं, आत पिस्टन तेलातून वरखाली होतो, तेल बारीक व्हॉल्व्हमधून जबरदस्तीने जातं, आणि स्प्रिंगची सगळी उसळी तिथे उष्णता होऊन संपते. खराब रस्त्यावर गाडी चालवून आल्यावर शॉकअपची नळी हाताला गरम लागते ती याचमुळे.

आता लोअरिंग स्प्रिंग लांबीला कमी असते आणि कडकही करावी लागते, कारण खाली बसलेल्या गाडीला आपटण्याआधी थांबवायचं तर कमी अंतरात थांबवावं लागतं. समजा नवी स्प्रिंग मूळ स्प्रिंगपेक्षा ३० टक्के कडक आहे. शॉकअप तेच ठेवलेत तर हिशोबाने त्याची पकड साधारण १२ टक्के कमी पडते. शॉकअप नवेकोरे असतील तर हे १२ टक्के तुम्हाला फारसे जाणवणार नाहीत, गाडी जरा टणक वाटेल आणि कात्रजच्या जुन्या घाटात वळणं मस्त घेईल. पण गाडी साठ-सत्तर हजार किलोमीटर फिरलेली असेल, शॉकअप आधीच निम्मे थकलेले असतील आणि त्यावर तुम्ही ही स्प्रिंग चढवली तर हायवेवर पुलाच्या जॉइंटवरून गेलं की मागची बाजू एकदा उडून गप्प बसत नाही, दोन-तीनदा डुलते, आणि लोक म्हणतात स्प्रिंग खराब निघाली. स्प्रिंगचा काही दोष नसतो हो, शॉकअप आधीच मेलेले होते.

पण माझ्या मते खरा घात होतो तो जागेचा. समजा गाडी उभी असताना मागच्या शॉकअपला बंपस्टॉपपर्यंत ७० एमएम जागा आहे. तुम्ही गाडी ३५ एमएम खाली केली, राहिले ३५. मागे तिघं बसले, डिकीत बॅगा टाकल्या, अजून २५ गेले. आता उरले जेमतेम १० एमएम, आणि एवढ्यावर तुम्ही पुण्याहून कोकणात निघालात. म्हणजे प्रत्येक खड्ड्याला स्प्रिंगने काम करायच्या आधीच बंपस्टॉप लागतो. बंपस्टॉप म्हणजे रॉडवर बसवलेला रबराचा नाहीतर फोमचा तुकडा, अधूनमधून एखाद्या मोठ्या खड्ड्यात शेवटचा आधार म्हणून दिलेला, त्यावर रोज गाडी चालवायची नसते. लोकांना जे 'राइड हार्ड झाली' वाटतं त्यातला बराच भाग हा बंपस्टॉपवर आपटण्याचा असतो, स्प्रिंगच्या कडकपणाचा नसतो. आणि शॉकअप मरतात ते इथे. पिस्टन नळीच्या तळाजवळच काम करत राहतो, दाबलेला बंपस्टॉप रॉडला जोरात परत फेकतो, तेल तापतं, तेलात फेस झाला की व्हॉल्व्हची पकड जाते, आणि पुढच्या बाजूला हा सगळा मार वरच्या माउंटिंगला बसतो, मग स्टिअरिंग वळवताना टकटक सुरू होते.

अजून एक गोष्ट जी गॅरेजमध्येपण फारसं कोणी सांगत नाही. रॉडचा जो भाग इतकी वर्षं बाहेर होता, ज्यावर धूळ बसली, पावसाळ्याच्या चिखलाने बारीक गंजाचे ठिपके पडले, गाडी खाली बसल्यावर तोच भाग रोज सीलमधून आतबाहेर करायला लागतो. सील नाजूक असतं, ते ठिपके त्याला कानशीसारखे घासतात. म्हणून जुन्या गाडीत स्प्रिंग बदलली की थोड्याच दिवसांत शॉकअप गळायला लागतात. उतरवलेला शॉकअप हातात घेऊन बघा, सीलखाली तेलाचा ओशट पट्टा आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसते, डस्ट कव्हर वर सरकवलं तर बंपस्टॉपचा पिवळा फोम चुरा होऊन हातात येतो. उभा धरून रॉड हळूहळू दाबा, सगळीकडे सारखा जोर लागला पाहिजे, मध्येच बोटभर अंतर रॉड सटकन मोकळा गेला तर तो शॉकअप संपला, त्यावर नवी स्प्रिंग चढवू नका, प्लीज.

आता स्पीडब्रेकर. गाडी खाली केली की पोट घासणारच असं म्हणतात, पण इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ या स्पीडब्रेकरच्या नियमावलीच्या १९८८ च्या आवृत्तीत जो गोल स्पीडब्रेकर दिला होता तो १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद होता, त्याच्या गोलाईची त्रिज्या १७ मीटर. स्विफ्टचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, २४५० एमएम. गणित केलं तर या ब्रेकरवर दोन्ही चाकं चढलेली असताना मधल्या पोटाला फक्त ४४ एमएम मोकळी जागा लागते. स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून पोटापर्यंतची जागा, १६३ एमएम, त्यातून ३५ गेले तरी १२८ उरतात, चौघं बसून अजून ३०-४० गेले तरी आरामात निघते. मग घासते कशामुळे? कारण आपल्या गल्लीतला ब्रेकर डांबराची पाटी ओतून रात्रीतून केलेला असतो, उंची तेवढीच पण रुंदी हात-दीड हात, तिथे पोटाला पूर्ण १०० एमएम लागतात आणि गाडी टेकते. मला याचा मनापासून राग येतो, कारण असला ब्रेकर चाक सरळ वर फेकतो आणि खाली न केलेल्या गाडीचेसुद्धा शॉकअप, माउंटिंग, लिंक रॉड सगळं खातो, आणि अॅम्ब्युलन्समधल्या पेशंटचं तर विचारूच नका.

स्प्रिंग कापण्याबद्दल एकदाच स्पष्ट बोलतो. फुकटात होतं म्हणून पोरं ग्राइंडरने एक वेढा उडवतात. स्प्रिंगचे काम करणारे वेढे सहाचे पाच झाले की ती २० टक्के कडक होते, एवढं ठीक आहे, पण कापलेलं टोक खालच्या सीटमध्ये नीट बसत नाही आणि गाडी जॅकवर चढवली किंवा चाक खोल खड्ड्यात लटकलं की स्प्रिंग सैल होऊन जागेवरून सरकू शकते. चांगल्या लोअरिंग स्प्रिंगला एका टोकाला जवळजवळ वेढे दिलेले असतात ते बऱ्याचदा याचसाठी, चाक पूर्ण खाली गेलं तरी स्प्रिंग जागेवर घट्ट राहावी म्हणून. आणि गॅसने तापवून बसवलेली स्प्रिंग तर गाडीत ठेवूच नका, पोलादाचं टेंपर गेलं की ती कधी कुठल्या बाजूने बसेल याचा भरवसा नाही.

मग करायचं काय? ३० एमएमच्या वर जाऊ नका, आपल्या रस्त्यांना तेवढंच झेपतं असं माझं मत आहे. शॉकअप बदलायचे तर खाली केलेल्या गाडीसाठीच बनवलेले, रॉड आखूड असलेले घ्या, उदाहरणार्थ बिलस्टीनमध्ये बी ६ मूळ उंचीच्या गाडीला आणि बी ८ खाली केलेल्या गाडीला असा फरकच आहे. परवडत नसतील तर निदान कंपनीचे नवे घ्या आणि स्प्रिंगवाल्याने सांगितलं असेल तर बंपस्टॉप तेवढाच कापा, पूर्ण काढून टाकू नका, तो काढला की लोखंड लोखंडावर आपटतं. व्हील अलाइनमेंट लगेच करा, खाली बसल्यावर टो, म्हणजे चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते, बदलतो आणि टायर आतल्या कडेने झिजतात, वरून बघून कळतपण नाही.

आणि काम झाल्यावर मागच्या शॉकअपच्या रॉडला, डस्ट कव्हर वर करून, एक प्लॅस्टिकचा केबल टाय बांधा, सैल नको, सरकवला तर सरकेल इतपत, आणि नळीला टेकवून ठेवा. घरची सगळी माणसं बसवून नेहमीच्या रस्त्याने फिरून या. टाय रॉडवर जिथपर्यंत ढकलला गेलाय तिथून बंपस्टॉपपर्यंत किती राहिलं ते पट्टीने मोजा. काहीच राहिलं नसेल तर स्प्रिंग जास्तच आखूड आहे, मग कितीही महागडा शॉकअप टाका, तो जाणारच.

फिटिंगच्या दिवशी तिथे उभे राहा आणि एक गोष्ट नक्की बघा, लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) बुशचे, म्हणजे त्यातल्या रबरी सांध्याचे, बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असतानाच पूर्ण टाईट करतात का. तसं केलं की गाडी खाली उतरल्यावर आतलं रबर कायमचं पिळलेलं राहतं, राइड उगाच ताठ होते आणि बुश फाटतात. बोल्ट आधी नुसते लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोन-चारदा दाबून बसवायची आणि मगच टाईट करायचे. पिटवर किंवा रॅम्पवर हे सहज होतं, थोडा वेळ जातो म्हणून टाळतात, तुम्ही टाळू देऊ नका.